बारा तोंडांचा नावाडी

पूर्वी वेत्रनगरात उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका अमात्याच्या घरी जन्मला, आणि मोठेपणी राज्याच्या करांची व्यवस्था त्याच्याकडे आली. मंदा नदीच्या काठच्या त्या नगरावर वर्षातले निम्मे दिवस धुके उतरलेले असे. माणसे धुक्यातच कामाला जात आणि धुक्यातच परत येत.

कराचा नियम बोधिसत्त्वाने स्वतः लिहिला होता. कमाईतून घरातल्या माणसांच्या पोटापुरते धान्य आधी बाजूला काढायचे आणि उरेल त्याचा सहावा हिस्सा राजाला द्यायचा. नियम दयाळू होता, आणि तो लिहिल्याचा बोधिसत्त्वाला थोडा अभिमानही होता.

त्या नगरात रोहक नावाचा नावाडी राहत असे. सकाळी तो राजघाटावरच्या मोठ्या नावेवर वल्ही मारी. त्याचे ठरलेले वेतन भाताच्या रूपाने महिन्याला मिळे. दुपारी घरी बसून मासे धरायची जाळी विणी आणि बाजारात स्वतः विकी. दिवस कलला की आपली लहानशी होडी काढून, मोठी नाव चुकलेल्या लोकांना पैलतीरी पोचवी. त्यांच्याकडे तो काही मागत नसे. कुणी मूठभर तीळ देई, कुणी केळ्यांची फणी, तर कुणी नुसताच आशीर्वाद देऊन उतरे.

कर घेणारेही तीन ठिकाणी बसत. वेतनाचा कर घाटावर, विक्रीचा बाजारात आणि अशा फुटकळ मिळकतीचा वेशीपाशी. तिघांचा पहिला प्रश्न एकच असे, "घरात खाणारी तोंडं किती?" रोहक, त्याची बायको सामा आणि दोन म्हातारी, म्हणून रोहक प्रत्येक ठिकाणी "चार" म्हणे. तिघेही चौघांचे धान्य सोडून देत. मग हिश्श्याला फारसे काही उरतच नसे.

धनपालित नावाच्या कराधिकाऱ्याने एकदा तिन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. चार, चार आणि चार. त्याच्या डोक्यात बारा तोंडे नाचू लागली. तो ऐन जेवणाच्या वेळी रोहकाच्या दारात जाऊन उभा राहिला आणि माणसे मोजू लागला.

सामेने विचारले, "भाऊ, पान वाढू का तुमचं?"

धनपालित न जेवता परतला, तो अधिकच चिडून. त्याने राजाकडे फिर्याद केली, की या नावाड्याने आठ खोटी तोंडे दाखवून राजाचे धान्य खाल्ले आहे. अशा गुन्ह्याला दंड ठरलेला होता. रोहकाची होडी जप्त व्हायची, आणि जप्त झालेली वस्तू निवाडा करणाऱ्या अमात्याला मिळायची. सात वर्षे जाळी विकून रोहकाने ती होडी केली होती.

निवाडा बोधिसत्त्वाकडे आला, आणि त्याआधी तो होडी पाहायला नदीवर गेला. रोहकाने त्याला बसवून घेतले. पाणी संथ होते, आणि धुक्यात काठ दिसेनासा झाला. कित्येक महिने आकडेमोडीपायी अमात्याला धड झोप नव्हती; इथे त्याचा डोळा लागला. स्वप्नात त्याला तीन होड्या दिसल्या. तिन्हींत रोहकच वल्हे मारत होता. तिघे काठाला लागले, तीन पाने मांडली गेली, पण जेवायला बसला तो एकटाच.

जाग आली तेव्हा होडी पैलतीराला होती. रोहकाने त्याला उठवले नव्हते. वल्हे वाळूत रोवून तो होडी स्थिर धरून उभा होता. ही होडी आपली व्हावी, असे बोधिसत्त्वाच्या मनात आले. इतके निवांत त्याला राजवाड्यातही कधी वाटले नव्हते. त्या लोभाची त्याला लाज वाटली.

"तिन्ही ठिकाणी चारच का सांगितलंस?" त्याने विचारले.

"घरात चारच आहेत की, महाराज," रोहक म्हणाला. "बाजारात विचारलं म्हणून काय म्हातारीला वगळू? आधी कुठं सांगितलंय का, असं कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी बोधिसत्त्व राजसभेत म्हणाला, "महाराज, या माणसाने तीन वेळा खरे सांगितले. चूक माझ्या नियमात आहे. मी कामे मोजली आणि माणूस एकच आहे हे विसरलो. यापुढे ज्याची कामे अनेक, त्याने सगळी कमाई एका ठिकाणी सांगावी. पोटाचे धान्य त्यातून एकदाच सोडावे आणि उरलेल्याचा सहावा हिस्सा घ्यावा."

"आणि इतक्या वर्षांत बुडाले ते?" राजाने विचारले.

"ज्याने प्रश्न अर्धवट लिहिला, त्याच्या कोठारातून भरून घ्यावे. होडी ज्याची त्याला राहू द्यावी."

राजाने मान डोलावली. रोहकाने हात जोडले, पण तो जागचा हलला नाही.

"महाराज, सगळं एका ठिकाणी सांगीन. तीळ सांगीन, केळी सांगीन. पण जे नुसता आशीर्वाद देऊन उतरतात, त्याचा हिस्सा कसा काढू?"

"तो काढावा लागत नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "प्रजेच्या पुण्याचा सहावा भाग राजाला न मागता पोचतो."

सभेत सर्वांआधी राजाच हसला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही कथा सांगितली, तेव्हा विहारात भिक्षू पुण्णकाविषयी कुजबुज चालू होती. तो अंगण झाडी, सूत्रे शिकवी आणि आजाऱ्यांची सेवा करी, म्हणून तीन भांडारांतून त्याला चीवरांचे, म्हणजे भिक्षूच्या वस्त्रांचे, तीन जोड मिळाले होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा रोहक म्हणजे आजचा पुण्णक. धनपालित म्हणजे ज्याने ही चीवरे मोजली तो भिक्षू. उदयसेन म्हणजे हा विहार बांधून देणारा उपासक. आणि नियम लिहिताना चुकलेला तो अमात्य मीच होतो."

भिक्षूंनी माना वर केल्या. शास्ते चुकले असतील, असे त्यांना कधी वाटले नव्हते.

"दुसऱ्याचा दोष शोधताना आपला सापडला, तर तो आधी सांगावा," शास्ते म्हणाले. "मी सत्य-पारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, तिथून शिकू लागलो."