निवडीची शिळा

'विवेक' म्हणजे शहाणपण, असे आपण सैलपणे म्हणतो. त्याचा मूळ धातू 'विच्', म्हणजे वेगळे करणे. मिसळलेले निराळे काढणे, एवढेच त्या शब्दाचे काम. पाहुणेहो, कड्याच्या टोकाशी ती काळी शिळा आणि तिच्यावर ठेवलेले सूप दिसते ना, तिथे हे काम एका बाईने मरता मरता केले.

फार पूर्वी सलग दोन वर्षे अतिवृष्टीने पीक कुजले. गावाच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, साठवलेले हरीक हे भरड धान्य तेवढे उरले. ते कांडून रांधण्याचे काम भिवाई नावाच्या विधवेकडे होते. एका पंधरवड्यात अकरा माणसे भोवळ येऊन दगावली, असे सांगतात. भिवाईने चेटूक केले, असे गावाने ठरवले आणि तिला कडेलोटासाठी या शिळेवर उभे केले.

ती म्हणाली, "लोटा मला, पण आजचं हरीक निवडू द्या. पोरांच्या ताटात जायचंय ते."

"मरतानाही हिला सूप हवं!" कोणी तरी खवचटपणे हसले.

सूप आले. तिने दोन ढीग केले, एक स्वच्छ आणि एक काळवंडलेला, कुबट.

"पाटील, हे माजलंय, विषारी झालंय. पेवात पाणी गेलंय."

"पेव कोरडं हाय," पाटील म्हणाला. "आटप."

खाली चुलीवर आधण उकळत होते. तेव्हा भिवाईने तो काळा ढीग ओंजळीत घेतला आणि सर्वांदेखत चावून गिळला. उन्हे कलण्याआधी तिची मान लुळी पडली, त्या अकरा जणांची पडली होती तशीच. आधण उतरवले गेले. मुले वाचली, भिवाई वाचली नाही.

आजही या गावात कुणावर आळ घ्यायचा, तर घेणाऱ्याला आधी शिळेवर बसून सूपभर धान्य निवडावे लागते. पुष्कळ आळ सूप संपण्याआधीच विरतात.

पाटील अजाण होता, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे आहे. पेवाचे झाकण तडकल्याचे त्याला श्रावणापासून ठाऊक होते. मी त्याचा नववा वंशज. आमच्या घराने हे वाक्य आठ पिढ्या गाळले. शिळेवरचे सूप दरवर्षी आमच्याच घरून येते. गाव त्याला आमचा मान समजते.