केरोभटांचे सात चिंचोके

चांदखिंडीत चिंचांचं बन नव्हतं, तेव्हाची ही हकिकत. देवळाच्या ओसरीवर केरोभटांची पाठशाळा भरायची. दर माघात दाजीशास्त्री परीक्षा घ्यायला यायचे. मुलं पोथी म्हणायची, अन् चूक झाली की शास्त्रीबुवा तांब्यात एक चिंचोका टाकायचे. सात चिंचोके झाले की मुलाची पाठशाळा सुटली. पोपटासारखं म्हणा, नाहीतर चालते व्हा. अर्थ कुणाला हवाय!

केरोभटांना हवा होता. त्यांचा शिदू नावाचा शिष्य होता, पोरका. पाठांतरात अडखळायचा, पण प्रश्न असे विचारायचा की भटजी जेवायचं विसरायचे, असं म्हणतात. पाठशाळा सुटली तर त्याला दुसरं छप्पर नव्हतं.

त्या वर्षी शिदूचे पाच चिंचोके झाले. केरोभटांनी हात जोडले, "शास्त्रीबुवा, एक प्रश्न अर्थाचाही विचारा."

शास्त्रीबुवांनी नाक मुरडलं, पण विचारलं, "नैवेद्य वाढलाय, देवाला दाखवायचाय, आणि दारात भुकेला उभा. काय कराल?"

"आधी देव," सगळी मुलं एका सुरात म्हणाली.

शिदूनं डोळे मिटून विचार केला. मग म्हणाला, "तो कधीपासून उपाशी आहे, ते आधी विचारीन. त्याला दम निघत नसेल, तर त्यालाच वाढीन. मघाशी मी अडखळलो, त्या श्लोकात देव प्रत्येकाच्या पोटात आहे म्हटलंय. मग नैवेद्य पोचलाच की."

"देवाच्या आधी माणूस? हे पाखंड," शास्त्रीबुवा म्हणाले अन् त्यांनी एकदम दोन चिंचोके टाकले. सात झाले.

केरोभटांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तीस वर्षं शिकवतोय मी. पोथीचा अर्थ लावणारा हा पहिला, अन् तोच नापास? थू या परीक्षेवर." त्यांनी तांब्या उचलला अन् अंगणात उपडा केला.

सकाळी पाहतात तर अंगणात सात चिंचा, कळसाएवढ्या उंच, असं म्हणतात. दाजीशास्त्री त्यांच्या सावलीतून मान खाली घालून गेले, ते पुन्हा आले नाहीत. शिदू पाठशाळेतच राहिला.

आजही माघात त्या चिंचांखाली परीक्षा होते. पाठ म्हणून झाला की प्रत्येक मुलाला असा एक प्रश्न विचारतात, ज्याचं उत्तर पोथीत आयतं सापडत नाही. कुणी घाईनं बोललं, तर "बस बाळा, विचार कर" म्हणतात. विचार करून बोलणाऱ्याच्या तळहातावर केरोभटांच्या नावानं चिंचोका ठेवतात. अन् ज्याचे सात होतात, त्याला शिकवायला बसवतात.