स्पीकरला कणीक

"म्हणजे यात वाजवायला माणूस लागतच नाही?" हणमंतबुवांनी विचारलं.

"नाही बुवा. तेच तर यातलं नवं आहे," केतकी म्हणाली.

तिनं माडीवर सहा स्पीकर गोल मांडले होते. पुढच्या जाळ्या काढलेल्या, आतले काळे कागदी पडदे उघडे. मधे लॅपटॉप, आणि लॅपटॉपपाशी ती स्वतः. नवं दुकान थाटलेला माणूस पहिल्या दिवशी गल्ल्यावर बसतो, तशी ताठ.

लातूरच्या डाळमिलच्या गल्लीत, याच माडीवर, ती सहा वर्षं बुवांकडे पखवाज शिकली. मग पुण्याला गेली आणि संगणकावर आवाजांच्या रचना करायच्या नादाला लागली. पखवाजाचे बोल तोडायचे, ताणायचे, उलटे फिरवायचे, एका स्पीकरातून दुसऱ्यात पळवायचे.

बुवांना हे कितपत रुचेल, याचा तिला भरवसा नव्हता. मागे एका शिष्यानं त्यांना इलेक्ट्रिक तानपुरा भेट दिला होता. बुवांनी तो सकाळी लावला, दिवेलागणीपर्यंत समोर बसून ऐकला, आणि एवढंच म्हणाले, "दिवसभरात एकदा ठसका लागला नाही हो याला… बिचारा."

केतकीनं कळ दाबली.

पंधरा मिनिटं बोल माडीभर फिरत राहिले. बुवा भिंतीला टेकून ऐकत होते. काही गिऱ्हाइकं कापड बोटांत चोळून बघतात, पण दर विचारत नाहीत. तसा चेहरा.

आवाज थांबला.

"स्वच्छ आहे," बुवा म्हणाले.

केतकीचा ताठा एकदम उतरला. "दुसरा शब्द नाही का हो सापडला?"

"का? वाईट आहे का हा?"

"पुण्याच्या महोत्सवातून रचना परत आलीय. त्यांनीही हेच लिहिलंय. स्वच्छ आहे, पण पुन्हा ऐकावीशी वाटत नाही." ती खाली बघत बोलत होती. "आठ दिवसांनी परीक्षकांसमोर पुन्हा एकदा ऐकवायचीय. तेव्हाही नाही जमलं, तर हे सगळं बांधून माळ्यावर टाकायचं आणि बँकेच्या परीक्षेचा क्लास लावायचा. बाबांना शब्द दिलाय."

"मग मघापासून एवढी ताठ कशाला बसलीस? पाठ भरून आली असेल."

ती हसली नाही.

बुवांनी विचारलं, "हा डाव्या हाताचा घुमारा कुणाचा?"

"तुमचाच. दिवाळीत तुमच्याकडून चारशे वेळा वाजवून घेतला होता, आठवतंय? त्यातला हा सगळ्यात चांगला."

"आणि बाकीचे?"

"पुसून टाकले."

"तीनशे नव्याण्णव?"

"एक उत्तम सापडल्यावर बाकीचे कशाला हवेत, बुवा? हा आता बदलणार नाही. केव्हाही लावा, असाच वाजेल."



बुवा गुडघ्यावर हात देऊन उठले आणि जिन्याशी जाऊन ओरडले, "सूनबाई, कणीक मळलीय का?"

"मळलीय की. पण मामा, पोळ्यांची आहे ती!"

"गोळाभर दे. चार पोळ्या कमी कर."

परातीतून ओल्या कणकेचा गोळा वर आला. पखवाजाला बसताना डाव्या बाजूच्या चामडी पुडीला अशी कणीक थापतात, म्हणजे तिचा आवाज खोल जातो. उठताना ती खरवडून काढतात. केतकीनं सहा वर्षं रोज हेच केलं होतं. संगणकात ती कटकट उरली नाही, याचाच तिला मोठा आनंद होता.

बुवांनी गोळ्यातला तुकडा तोडला आणि पहिल्या स्पीकरच्या पडद्यावर मधोमध थापला.

"बुवा! नवाकोरा आहे तो!"

"मग? पखवाज काय जुना झाल्यावर कणीक लावतात?… लाव तुझं यंत्र."

केतकीनं कळ दाबली.

घुमारा आला. पण जड, भसाडा, घसा बसल्यासारखा. बुवांनी चिमूटभर कणीक काढली, ओल्या अंगठ्यानं कडा चेपल्या आणि कान जवळ नेला.

"पुन्हा."

थोडी आणखी काढली.

"पुन्हा."

सहाव्या खेपेला आवाज जमिनीतून निघाल्यासारखा निघाला आणि माडीच्या फळ्यांतून केतकीच्या तळपायांत शिरला.

"मामा!" खालून सूनबाई ओरडली, "मांडणीवरचे डबे वाजायला लागलेत!"

केतकी लॅपटॉप सोडून उठली. परातीतली कणीक तोडून तिनं दुसऱ्या स्पीकरला लावली. जास्त झाली. काढली. आता कमी पडली.

"किती लावू, बुवा?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार."

तिनं स्पीकरला कान लावला…

तासाभरानं सहाही स्पीकर बोलत होते. आतला घुमारा तोच, एकुलता एक, चारशेतून निवडलेला. पण सहा गळ्यांतून सहा तऱ्हांनी येत होता. एवढ्यात पहिल्या स्पीकरची कणीक वाळू लागली होती आणि त्याचा आवाज हलका होऊन वर चढला होता. तिनं बोट ओलं केलं, पुढे नेलं, आणि मध्येच थांबून नुसतं ऐकत राहिली. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. जेवायची हाक दोनदा येऊन गेली, तिला ती ऐकूच गेली नाही.

मग एकदम तिच्या कपाळाला आठी पडली.

"बुवा, पण ही तर वाळतच जाणार. सुरुवातीला एक आवाज, पाव तासानं दुसरा. तिथं परीक्षकांनी विचारलं, यातली तुझी खरी रचना कुठली… तर काय सांगू त्यांना?"

बुवा नखांतली कणीक काढत होते. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही.

"त्यांना म्हणावं… वेळेवर या."