दंडातली बेडकी

सन एकोणीसशे एकसष्ट. महिना मार्गशीर्ष. ऋतू हेमंत. थंडी कडाक्याची.

एक होती इवलीशी बेडकी. तिला होती लाल लोकरीची टोपी. टोपीचे बंद मात्र ती बांधत नसे. एकदा वारा आला, भुर्रर्र. टोपी उडाली. व्यायामशाळेच्या मल्लखांबावर, अगदी टोकावर जाऊन बसली.

"आक्छी," बेडकी शिंकली.

ठप्पक ठप्पक. बेडकी गेली खांबाकडे.

"खांबदादा, डोके माझे गारठले. वाकून टोपी द्या ना."

"मी वाकत नसतो. कुंदा चढेल, तर टोपी देईन."

ठप्पक ठप्पक. बेडकी गेली कुंदाकडे. कुंदा पाच वर्षांची. व्यायामशाळेत रोज येई आणि नुसती पायरीवर बसून राही.

"कुंदाताई, खांब टोपी देईना, डोके माझे गारठले. तू चढ ना."

"खांब कोरडा आहे. अंग खरचटेल. तेल लागेल, तर चढेन."

ठप्पक ठप्पक. बेडकी गेली एरंडेल तेलाकडे.

"तेलमामा, कुंदा चढेना, खांब टोपी देईना, डोके माझे गारठले. तुम्ही या ना."

"मी बाटलीत कोंडलेला. बूच निघेल, तर येईन."

ठप्पक ठप्पक. बेडकी गेली बुचाकडे.

"बूचकाका, तेल येईना, कुंदा चढेना, खांब टोपी देईना, डोके माझे गारठले. तुम्ही निघा ना."

"मी आहे घट्ट. ज्याच्या दंडात बेडकी असेल, त्यानेच मला काढावे."

"एवढेच ना? बेडकी तर मीच."

ठप्पक. बेडकी बसली कुंदाच्या दंडावर.

"कुंदाताई, बूच निघेना, तेल येईना, तू चढेनास, खांब टोपी देईना, डोके माझे गारठले. ही घे बेडकी. आता ओढ."

कुंदाने ओढले. बूच हलले नाही.

"दंडावर नव्हे हो, दंडात," बूच म्हणाले. "व्यायामाने दंडात फुगवटा येतो. त्याला बेडकी म्हणतात."

"ती कुठे मिळते?"

"मिळत नाही. कमवावी लागते."

मग दोघी रोज व्यायाम करू लागल्या. कोलांटी मारली, धपक. दोरीला लोंबकळल्या, झुलुक. एका पायावर उभ्या राहिल्या, डुगडुग. पहिल्यांदा पडल्या. पुढे पडेनाशा झाल्या. कुंदाला सपाटून भूक लागू लागली. झोप गाढ येऊ लागली. उंचावरून खाली पाहायची भीती गेली.

मार्गशीर्ष गेला. पौष गेला. माघ आला.

एके सकाळी कुंदाने हात दुमडला. दंडात उठली बेडकी, टुम्म.

बेडकीने ती निरखून पाहिली. "माझ्याहून लहान आहे."

"चालेल," बूच म्हणाले.

टप्प. बूच निघाले, तेल आले, खांब गुळगुळीत झाला. कुंदा चढली, सरसर सरसर. खांबाने टोपी दिली. बेडकीच्या डोक्याला ऊब आली.

बेडकीने लगेच एक कोलांटी मारली. टोपी पडली नाही. या वेळी तिने बंद नीट बांधले होते.

तो दिवस रथसप्तमीचा, थंडी सरू लागण्याचा.