सगळ्यांचा एक पट्टा

एका बंदरात कोकणातले, चीनचे आणि मलायाचे व्यापारी शेजारीशेजारी राहत. तिथे एक रीत होती. दूरच्या सफरीला निघणाऱ्याच्या कमरेला धक्क्यावर एक चामडी पट्टा बांधून पाहत. पट्टा खुणेच्या आत बसला, की माणूस धडधाकट. फार पूर्वी हा पट्टा कोण्या परदेशी, धिप्पाड खलाशांच्या अंगावर बेतलेला होता. पण ते कुणाच्या लक्षात राहिले नव्हते.

विसाजी हा कोकणातला लवंगांचा व्यापारी. हातापायांच्या काड्या, पोट मात्र जरासे पुढे. पट्टा त्याला दरवर्षी सैल होई. मग तो जाडजूड मलायी मित्राला, हमीदला, चिडवी, "तुझ्यासाठी शिडाचा दोर मागवू का रे?"

"मागव," हमीद म्हणे. "तुलाच डोलकाठीला बांधायला लागेल. वाऱ्यानं उडशील."

विसाजीची वहिनी मथुरा हे ऐके, पण तिला हसू येत नसे. तिचा नवराही असाच सडपातळ होता. त्यालाही पट्टा सैल झाला होता, आणि त्याच सफरीत छातीत कळ येऊन तो गेला. लोक म्हणाले, आयुष्याची दोरी तेवढीच होती. मथुरेनेही तेव्हा मान डोलावली होती.

त्या वर्षी विसाजी सारखे पाणी पिऊ लागला. जिना चढताना मध्येच थांबू लागला.

"भाऊजी, वैद्यांना दाखवा," मथुरा म्हणाली.

"कशाला वहिनी? पट्टा अजून सैल बसतोय."

"त्यांनाही सैलच बसला होता."

विसाजी उठला. त्याने पायात वहाणा घातल्या.

वैद्यांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिले. "लघवीला मुंग्या लागतात?"

"हो," विसाजी मान खाली घालून म्हणाला.

"तुमच्या मुलखातल्या माणसाची चरबी हातापायांवर दिसत नाही, पोटात दडते. थोडी वाढली तरी साखर वाढते, काळजावर ताण येतो. तुमच्या चिनी शेजाऱ्यांत बहुधा डोक्याची नस आधी दगा देते. हमीदचं आणखी निराळं. दर्या एक असला म्हणून अंगं एक होत नाहीत."

"मग मी आता जाणार की राहणार?"

"वेळेवर आलात. राहाल. पण यंदा सफर नाही."

गलबत त्याच्याविना गेले. विसाजीने गूळ सोडला, ताटातला भाताचा ढीग निम्म्यावर आणला, आणि रोज सकाळी किनाऱ्याने चालू लागला. कुरकुरत का होईना, चालला.

पुढच्या मोसमात वैद्यांनी पुन्हा नाडी धरली. बराच वेळ धरली. मथुरा दाराची चौकट घट्ट धरून उभी होती.

"माल भरा," वैद्य म्हणाले.

मथुरेने आत जाऊन चुलीवर आधण ठेवले. कितीतरी दिवसांनी तिला कडकडून भूक लागली होती.

तात्पर्य: दुसऱ्याच्या अंगावर बेतलेल्या मापाने आपले आरोग्य मोजू नये, आपला पिंड आणि आपले घराणे ओळखून वेळीच तपासून घ्यावे.