डाव्या हाताची करंगळी

“फक्त करंगळी, बाबा. मोडून द्याल का?”

समरजित कुजबुजत होता. कारण बाहेरच्या पायरीवर मुरगळलेला पाय पसरून पोलीस पाटील आपल्या पाळीची वाट बघत पेंगत होते.

दस्तगीरबाबा बांबूच्या कामट्या तासत होते. म्हातारा फकीर. चाळीस वर्षं पंचक्रोशीतली मोडकी हाडं त्यांच्याच तकियात, फकिराच्या त्या मठीत, बसवली जात. त्यांनी मान वर केली नाही.

“मोडायला माणसं माझ्याकडं येत नाहीत रे. ते घरीच उरकून येतात.”

समरजित हसला नाही. कायद्याची पदवी पहिल्या नंबरानं घेतलेला माणूस तो. फकिराच्या विनोदाला हसेल कशाला?



पहाटे गोठ्यात थोरला भाऊ नेताजी म्हणाला होता, “जज्जसाहेब, आधी शेण भरा.” समरजितनं खोऱ्याचा दांडा उचलला. एकच फटका. कोपराखाली कडकन आवाज झाला. नेताजी हात पोटाशी धरून गोठ्याबाहेर गेला. तो दुपार झाली तरी परतला नव्हता.

आणि न्यायाधीशपदाची मुलाखत तेवीस दिवसांवर होती.

“नीट ऐका बाबा. नुसतं सुजलं, खरचटलं, तर साधी दुखापत. हाड मोडलं की गंभीर. दादा एव्हाना सरकारी दवाखान्यात असणार. तिथून पोलिसांना कळवतात. गुन्हा दाखल झाला की माझी मुलाखत संपली. पण माझंही हाड मोडलेलं असलं, तर आधी त्यानं मारलं आणि मी स्वतःला वाचवलं, असं सांगता येतं.”

“साक्षीदार?”

“म्हैस.”

“मग दात पाड की. दातानं होत नाही का गंभीर?”

“होतं. पण मुलाखत आहे ना.”

बाबांनी मान डोलावली. अगदी पटल्यासारखी.

मग पायानंच औषध वाटायचा पाटा पुढं सरकवला.

“वरवंटा ओला आहे. पुसून घे.”

समरजित थांबला. बाबा आता अडवतील, असं त्याला वाटलं.

बाबा कामटी तासत राहिले.

त्यानं करंगळी पाट्यावर ठेवली. डोळे मिटले. लोक देवाचं नाव घेतात तसं कायद्याचं कलम पुटपुटलं आणि वरवंटा मारला. कातडी सोलली. रक्त आलं.

“साधी,” बाबा म्हणाले.

दुसऱ्यांदा त्यानं दात आवळून मारला.

“गंभीर.”

“काय झालं हो बाबा?” पोलीस पाटील दचकून जागे झाले.

“काही नाही. औषध वाटतोय.”

समरजितच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. बाबांनी त्याचा हात मांडीवर घेतला, बोट हळूच ओढून सरळ केलं, दोन कामट्या लावल्या. पट्टी मात्र हातातच धरून ठेवली.

“सांग. कसं मोडलं?”

“तुमच्यासमोरच तर...”

“बांधायच्या आधी विचारायचं, असा नियम आहे. खोटं ऐकून बांधलेलं हाड माझ्या हातून सरळ बसत नाही.”

“दादानं मारलं.”

बाबांनी पट्टी उलगडली नाही.

“दादानं... वरवंट्यानं.”

पट्टी अजून बाबांच्या हातातच. बोट वांग्यासारखं फुगत चाललं. कळ खांद्यापर्यंत गेली.

“मी मोडलं,” समरजित अगदी हळू म्हणाला. “माझ्याच हातानं.”

बाबांनी लगेच पट्टी बांधली. गाठ मारली.

तो उठणार, तेवढ्यात आतल्या गोणपाटाच्या पडद्यामागून कुणीतरी कण्हलं.

“आत कोण आहे?”

“सकाळचाच एक आहे. दवाखान्यात नको म्हणाला, तिथनं पोलिसांना कळवतात म्हणे. कसा मोडला, विचारलं. म्हणाला, म्हशीनं लाथ मारली.” बाबांनी दुसरी पट्टी उलगडली. “नऊ वेळा विचारलं. नऊ वेळा म्हैसच.”

समरजितनं पडदा ओढला.

नेताजी भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताला कामट्या लावलेल्या, पण बांधलेल्या नाहीत. बोटं काळीनिळी पडलेली. ओठ कोरडे.

त्याची नजर आधी धाकट्याच्या पट्टीवर गेली.

“बोटाला काय करून घेतलंस रे, बाळ्या?”

समरजितनं पट्टीचा हात पाठीमागं लपवला.

“बाबा... दादाचा हात बांधा ना. बोटं बघा त्याची. हात जाईल!”

“जाईल,” बाबा म्हणाले. “संध्याकाळपर्यंत.”

“कुणाचा हात?” पोलीस पाटलांनी पायरीवरून मान आत घातली. “कुणी मोडला?”

“म्हशीनं,” नेताजी म्हणाला. “दहाव्यांदा सांगतोय.”

बाबा पट्टी घेऊन त्याच्याजवळ जाऊन बसले. पण बघत होते समरजितकडं.

“मी सांगितलंय की तुम्हाला,” समरजित पुटपुटला. “आल्या आल्या सगळं...”

“ते तू कायदा सांगत होतास.”

“मग आता काय...” त्यानं दाराकडं पाहिलं. पाटील पायरीवरून कान देऊन बसले होते.

“बोट लहान होतं, हळू सांगितलं तरी चाललं,” बाबा म्हणाले. “हात मोठा आहे. मोठ्यानं सांग. कसा मोडला?”