झोळीत की मांडीवर

“ती स्वतः तयार असताना तुम्ही मध्ये का पडता, सर?”

डॉ. केतकी बोरगावकर चपला न काढताच ओसरीवर चढली होती. एरवी ती असं करत नसे. आज राग नाकाच्या शेंड्यावर होता.

डॉ. निनावे तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“तयार आहे, म्हणूनच,” ते म्हणाले.

केतकी एकेकाळची त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आता ती परदेशातल्या एका विद्यापीठात शिकवायची. विषय आंतरराष्ट्रीय प्राथमिक आरोग्य. वर्गात देशोदेशीचे डॉक्टर आणि परिचारिका. दर हिवाळ्यात हा वर्ग घेऊन ती यवतमाळकडच्या या कोलाम आदिवासींच्या वस्तीवर यायची. इकडं वस्तीला पोड म्हणतात.

निनावे सर निवृत्त झाल्यापासून इथंच राहत. निवृत्त झालेली माणसं पुण्यात फ्लॅट घेतात. यांनी पोडाच्या कडेला कुडाचं घर बांधलं. लोक हसले. सर त्यांच्यासोबत हसले आणि राहिले.

तर, दर हिवाळ्यात भीमाबाई टेकाम त्या वर्गापुढे बसायची आणि आपली लेक कशी गेली ते सांगायची.

हगवण लागली होती. सासऱ्यानं दवाखान्याचं ठरवायला उशीर केला. मग जीप यायला उशीर झाला. नाल्याच्या काठावर जीपची वाट बघता बघता पोर आईच्या मांडीवर गेली. उशिरानं माणूस कसा मरतो, हे पुस्तकात वाचलेले विद्यार्थी भीमाबाईसमोर बसले की लिहायचं विसरून जायचे.

तिकडं परतल्यावर हीच हकिगत केतकी व्याख्यानात सांगायची. त्या व्याख्यानानं तिला नाव मिळवून दिलं होतं.

यंदा तर तिच्या विभागप्रमुख बाई स्वतः आल्या होत्या. पोडावरचा हा आठवडा अभ्यासक्रमात ठेवायचा की काढून टाकायचा, ते त्या आज ठरवणार होत्या. आणि नेमका आज सकाळी सरांनी निरोप धाडला होता, भीमाबाईचा पाठ नको म्हणून.

“मी दरवेळी तिची परवानगी घेते,” केतकी म्हणाली. “नीट समजावून सांगून. कुणाला फोटो काढू देत नाही. दरवर्षी साडी-चोळी करते. आणखी काय करायचं माणसानं?”

“चांगलं करतेस.”

“टोमणे नका मारू, सर.”

“टोमणा नाही. चहा घेशील?”

“तिकडं समाजमंदिरात लोक खोळंबलेत!”

“मग राहू दे.”

सरांनी आणखी एक शेंग फोडली.

केतकीला त्या शांतपणाचा संताप आला. विद्यार्थिनी होती तेव्हाही यायचा. तेव्हा ती गप्प बसायची.

“तुम्हाला हे सगळं ढोंग वाटतं. सरळ म्हणा ना तसं. पण त्या वर्गातला एक जण जरी आपल्या देशात जाऊन वेळेवर गाडीची सोय करू लागला, तरी भीमाबाईचं सांगणं सत्कारणी लागलं.”

“लागलंच असेल,” सर म्हणाले.

“मग?”

...

अंगणात भीमाबाई येऊन उभी राहिली. गेल्या वर्षीची साडी नेसली होती. केसांना तेल लावून घट्ट बुचडा बांधला होता. लग्नाला निघाल्यासारखी नीटनेटकी दिसत होती.

“ताई, तुमी इथं हाय व्हय? तिकडं समदे वाट पाहून राह्यले.”

“आलेच, बाई.”

“आज कुठून सांगू? सासऱ्यापासून का जीपवाल्यापासून?”

केतकीनं चोरट्या नजरेनं सरांकडं पाहिलं.

“तुला वाटेल तिथून सांग.”

“तसं नोका म्हनू. मागच्या साली तुमीच म्हनलं होतं, जीपवाल्यापासून सांग म्हनून.” भीमाबाई अगदी मनापासून विचारत होती. “अन् मांडीवरचं झालं का थोडं थांबाचं नं? मागच्या साली थांबली, तं ती लंबी पोरगी लय रडली.”

केतकीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. असं थांबायला तिनं कधी शिकवलं नव्हतं. पण गेल्या वर्षी भीमाबाई थांबली, तेव्हा केतकीच्या मनात आलं होतं... वा!

ते आता आठवलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

सरांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. समोरची जागा हातानं झाडली.

“भीमे, बस इथं.”

ती बसली.

“वर्गासाठी नाही विचारत. माझ्याजवळ तू कधी हे म्हणतेस, कधी ते. मला सांग. पोर गेली, तेव्हा कुठं होती? झोळीत होती, की तुझ्या मांडीवर?”

भीमाबाईनं सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं. तिनं केतकीकडं पाहिलं.

“ताई... कुठं होती म्हनू?”

...



केतकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण उत्तर तिला माहीत होतं.

पहिल्या वर्षी भीमाबाईनं सांगितलं होतं, ते असं नव्हतं. पुढचं मागं, मागचं पुढं, मध्येच रडणं, मध्येच शेळीची गोष्ट. नाल्याचा काठ त्यात नव्हताच. जीप सकाळी येणार होती. भीमाबाई झोळीची दोरी हातात धरून जागत बसली होती आणि पहाटे तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा झोळीतली पोर गार पडली होती.

तेव्हा केतकीच म्हणाली होती, “झोपेचं राहू दे, बाई. लोक उगाच तुला दोष देतील.”

चांगल्या मनानं म्हणाली होती. ते खोटं नव्हतं. पण एवढंच खरंही नव्हतं. आईला झोप लागली म्हटलं की वर्गातला कुणीतरी हटकून आईकडंच बोट दाखवतो, आणि मग उशिराचा पाठ फिसकटतो.

पुढच्या वर्षी एका विद्यार्थ्यानं विचारलं, “मग मूल दगावलं कुठं?” भीमाबाई गोंधळली. म्हणाली, “मांडीवर.” वर्ग सुन्न झाला. केतकी शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही. नाल्याचा काठ त्याच्या पुढच्या वर्षी आला.

“खरं सांगू का, डाक्तरबाबा,” भीमाबाई म्हणाली, “मले कवा ते झोळीत दिसते, कवा मांडीवर दिसते. डोये मिटले का दोन्हीबी दिसते. माह्यं कोनतं अन् वर्गातलं कोनतं, समजतच न्हाई आता.”

मग ती केतकीकडं वळली. आवाजात तक्रार नव्हती. शेजारणीकडं ठेवायला दिलेलं भांडं परत मागावं, तसं तिनं मागितलं.

“तुमाले ठाव असन, ताई. पयल्या डाव म्या तुमालेच सांगतलं होतं नं? काय सांगतलं होतं?”

केतकीला वाटलं, धरणी दुभंगावी आणि तिनं पोटात घ्यावं. एवढ्या सभागृहांमधून ती बोलली होती. टाळ्या घेतल्या होत्या. व्याख्यानाच्या शेवटी ती भीमाबाईचे आभारही मानायची, आणि तेव्हा तिचा स्वतःचाच गळा दाटून यायचा. त्या दाटलेल्या गळ्याची आता तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

समाजमंदिराकडून गाडीचा हॉर्न वाजला.

भीमाबाई धडपडत उठू लागली.

“चाला ताई. त्या मोठ्या बाई रागावतीन.”

“नको,” केतकी म्हणाली. “आज नको सांगूस.”

भीमाबाईचा चेहरा उतरला.

“काहून? माह्यं चुकलं का?”

“नाही गं... तुझं नाही.”

“बराबर सांगतो नं मी. पाठ हाय मले समदं.”

केतकीनं तोंडावर हात दाबून धरला. मग ती खाली उतरली, पायातल्या चपला काढल्या, पुन्हा ओसरीवर आली आणि जमिनीवर भीमाबाईसमोर बसली.

हॉर्न पुन्हा वाजला. वाजत राहिला.

“मंग तुमीच सांगा ताई,” भीमाबाई म्हणाली. “कुठं होती माही पोर?”

केतकीनं सरांकडं पाहिलं. डोळे भरून आले होते.

“सर... हे तिला सहन होणार नाही.”

...

“पहिल्या वर्षी तिला झालं होतं, केतकी. तुला झालं नव्हतं.”